सात जण आणि एक भट्टी: गल्लीतल्या चायनीजमध्ये मागवायचं कसं?

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. राजारामपुरीत घराजवळ एक छोटं चायनीज आहे, रविवारी रात्री तुम्ही सात जण जाता. सासूबाई शाकाहारी, मुलगा सहा वर्षांचा, मालकांना, म्हणजे तुमच्या यजमानांना, झणझणीत लागतं, आणि दीर "अजिनोमोटो असतं त्यात" म्हणून प्रत्येक घासाला धाक घालतात. कार्डावर दीडशे-दोनशे नावं, तरी सगळं एकाच चवीचं लागतं. एकाची प्लेट दहा मिनिटांत येते, दुसऱ्याची पाऊण तासानं. शेवटी बिल फुगतं आणि निम्मं उरतं. म्हणून तुम्ही विचारलंय, हॉटेल बदलावं का?

बदलावं लागेलही कदाचित. पण त्याआधी मागवायची पद्धत बदलून बघा. मी बरीच वर्षं दुसऱ्यांच्या चायनीजमध्ये भट्टीवर उभा होतो, आता कोल्हापुरातच माझं स्वतःचं छोटं हॉटेल आहे. काउंटरच्या दोन्ही बाजूंनी बघितल्यावर एक गोष्ट पक्की कळली: गिऱ्हाईक कार्ड बघून मागवतं, आणि स्वयंपाकघर भट्टी बघून चालतं. तुमचे बरेचसे त्रास तिथंच सुरू होतात. तुमचं हॉटेल मी बघितलेलं नाही, त्यामुळं भट्टी एक आहे की दोन, कूकच्या हाताखाली पोरगं आहे की तो एकटाच चिरतो आणि परततो, फ्रीज केवढा आहे, यावर खालच्यातलं काही कमीजास्त होईल.

आधी उशिराचं बघू. १९ किलोच्या कमर्शियल सिलिंडरवर चालणारी हाय प्रेशर भट्टी, तिचा जाळ घरच्या शेगडीच्या कितीतरी पट. त्यावर राईस किंवा नूडल्स दोन-तीन मिनिटांत होतात. म्हणजे वेळ शिजवण्यात जात नाही, पाळीत जातो. कढई एक, आणि प्रत्येक वेगळ्या पदार्थासाठी ती धुवायची, तापवायची, तेल सोडायचं, लसूण टाकायचा, पुन्हा सगळं. तुम्ही सात जणांनी सात वेगळ्या गोष्टी सांगितल्या की कढईच्या सात पाळ्या झाल्या. मध्ये दुसऱ्या टेबलाचे दोन सूप, पार्सलचा एक ट्रिपल (राईस, नूडल्स, ग्रेव्ही एकत्र) आणि ऑनलाइनवाल्या पोराच्या तीन ऑर्डरी. रविवारी साडेआठ ते साडेनऊ हीच वेळ सगळ्यांची. मॅच असली तर विचारूच नका.

तेच तुम्ही दोन प्लेट व्हेज हक्का सांगितल्यात, तर त्या एकाच पाळीत निघतात, दोन्ही एकदम टेबलावर. म्हणून मोठ्या टेबलाला माझा पहिला सल्ला असा की प्रकार कमी ठेवा आणि प्लेटा वाढवा. पण त्यालाही हद्द आहे. एका कढईत दोन फुल प्लेट व्यवस्थित परतल्या जातात. चार टाकल्या की जाळ पुरत नाही, भात परतला न जाता वाफेवर बसतो आणि ओला, गिचका होतो. हुशार कूक चार प्लेटांच्या दोन पाळ्या करतो. गर्दीत घाई झालेला कूक करत नाही. तुम्हाला कधी एकदम खूप राईस मिळाला असेल आणि तो चिकट लागला असेल, तर बहुतेक हेच झालेलं असतं.

दुसरं, सगळं एकदम सांगू नका. केओटी, म्हणजे ऑर्डरची चिठ्ठी, आत गेली की कूक जे सोपं ते आधी काढतो, त्यामुळं सूप यायच्या आधी राईस येऊन गार होतो. वेटरला सरळ सांगायचं, "आत्ता सूप आणि स्टार्टर लिहा, मेनचं मी नंतर सांगते." यानं आणखी एक फायदा होतो. स्टार्टर खाऊन झाल्यावर भुकेचा खरा अंदाज येतो, आणि तुम्ही म्हणता ते निम्मं उरणं तिथल्या तिथं थांबतं. भुकेल्या माणसानं कार्ड हातात घेतलं की तो दोन प्लेटा जास्तच सांगतो, हे आम्ही हॉटेलवाले चांगलं ओळखून असतो.

आता एकाच चवीचं. कार्डावर दीडशे नावं असली तरी आत सॉसची घराणी पाच-सहाच असतात. मंचुरियन म्हणजे बारीक आलं-लसूण-हिरवी मिरची, कोथिंबीर, सोया सॉस आणि कॉर्नफ्लॉवर. चिली म्हणजे मोठा चिरलेला कांदा, ढोबळी, उभी हिरवी मिरची आणि पुन्हा सोया. शेजवान म्हणजे लाल सुकी मिरची भिजवून वाटलेली चटणी, लसूण भरपूर, व्हिनेगर आणि साखर. हॉट गार्लिक हा शेजवानचा सख्खा भाऊ, त्यात टोमॅटो सॉस थोडा जास्त. मग पांढरं घराणं: मीठ, पांढरी मिरपूड, लसूण, सोया अगदी नावाला किंवा नाहीच. आणि स्वीट अँड सोअर: केचप, व्हिनेगर, साखर, कुठं कुठं अननस. हाँगकाँग, सिंगापूर, शांघाय, ड्रॅगन ही नावं त्या-त्या कूकच्या हातावर आहेत. एका हॉटेलात ड्रॅगन म्हणजे काजू घातलेलं शेजवान, दुसरीकडं तळलेलं चिकन गोड-तिखट सॉसमध्ये.

आता तुमची ऑर्डर आठवा. तुम्ही लिहिलंय: शेजवान राईस, हॉट गार्लिक चिकन, शेजवान नूडल्स, पनीर चिली आणि व्हेज मंचुरियन ग्रेव्ही. यातल्या तीन एकाच लाल चटणीतून निघाल्या आणि उरलेल्या दोन एकाच सोयातून. सगळं सारखं लागणारच. त्याऐवजी एका जेवणात एक लाल, एक सोयावालं आणि एक पांढरं असं धरा. लाल शेजवान ग्रेव्ही असेल तर सोबत साधा फ्राईड राईस घ्या, शेजवान राईस नको. लालावर लाल गेलं की दोन घासांनंतर जिभेला फक्त तिखट कळतं.

या निमित्तानं थोडं आडवळण घेतो. "हे काय खरं चायनीज नव्हे" असं ऐकवणारा एकजण प्रत्येक टेबलावर असतोच. बरोबर आहे, नव्हेच. चिकन मंचुरियन नेल्सन वांग यांनी १९७५ मध्ये मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियामध्ये पहिल्यांदा केलं असं सांगतात: आपल्या भाजीसारखंच आलं, लसूण, हिरवी मिरची घेतली, गरम मसाल्याच्या जागी सोया सॉस घातला आणि कॉर्नफ्लॉवरनं दाट केलं. वांग मूळचे कोलकात्याचे. तिथं टांगऱ्यात हक्का चिनी लोकांचे चामडं कमावायचे कारखाने होते, त्या वस्तीतल्या खाणावळींमधून हे खाणं पुढं देशभर पसरलं आणि पार आपल्या रंकाळ्यावरच्या गाडीपर्यंत आलं. कोल्हापुरात ते आणखी बदललं. इथं माणूस तांबड्या-पांढऱ्या रश्श्यावर वाढलेला, त्यामुळं ग्रेव्हीकडंही तो रस्सा म्हणूनच बघतो. खानावळीत रस्सा पुन्हा पुन्हा वाढतात, तसं माझ्याकडंही लोक रिकामी वाटी पुढं करून "ग्रेव्ही आण की जरा" म्हणतात. चटणी आम्ही देतो हो. पण ग्रेव्ही प्रत्येक प्लेटला मोजून, नव्यानं कढईत करावी लागते, पातेल्यात तयार नसते. जास्त ग्रेव्ही हवी असेल तर ऑर्डर देतानाच सांगा, कूक स्टॉक (चिकन किंवा भाज्या उकळलेलं पाणी) वाढवून करतो.

यातूनच मुलाच्या आणि मालकांच्या तिखटाचं उत्तर मिळतं. काय आधी तयार असतं आणि काय तुमच्या ऑर्डरनंतर पडतं, एवढं कळलं की झालं. शेजवान चटणी सकाळी किंवा आदल्या दिवशी वाटून ठेवलेली असते. "शेजवान राईस, पण कमी तिखट" म्हटलं तर कूक चटणी कमी घालण्यापलीकडं काही करू शकत नाही. मग तो धड शेजवानही राहत नाही आणि मुलाला झेपत तर नाहीच. याउलट हिरवी मिरची आणि मिरपूड कढईत वरून पडते, ती सहज वगळता येते. त्यामुळं पोरासाठी साधे हक्का नूडल्स किंवा फ्राईड राईस, "हिरवी मिरची नको, मिरपूड अगदी कमी" असं स्पष्ट सांगून. नुसतं "कमी तिखट" म्हणू नका. कोल्हापूरच्या कूकचं कमी आणि सहा वर्षांच्या पोराचं कमी यात फार अंतर आहे. स्वीट कॉर्न सूप चालतं. मंचाव नको, त्यात हिरवी मिरची बारीक वाटूनच घालतात, ती बाजूला काढता येत नाही. मालकांसाठी सगळ्यांचं जेवण तिखट करायची गरज नाही: चटणीची वाटी, व्हिनेगरमधली मिरची आणि एक चिली चिकन ड्राय, हिरवी मिरची जास्त, उभी चिरून.

सासूबाईंचं जरा गंभीरपणे घ्या. "व्हेज आहे ना?" असं विचारलं की वेटर हो म्हणणारच, आणि त्याच्या दृष्टीनं ते खरंही असतं. वेगळे प्रश्न विचारा. व्हेज सूपला पाणी वापरता की चिकनचा स्टॉक? मंचुरियनचे गोळे आणि चिकन लॉलीपॉप एकाच तेलात तळता का? ऑयस्टर सॉस कशात घालता? हा कालवांपासून करतात आणि कुठं कुठं व्हेज डिशमध्येही कूक सवयीनं चमचाभर टाकतो. नूडल्स अंड्याचे आहेत का? गल्लीतल्या हॉटेलात बहुतेक पाकिटं बिनअंड्याचीच असतात, तरी विचारलेलं बरं.

एक भट्टी आणि एकच तळणाची कढई असेल, तर पूर्ण वेगळेपणा तिथं होणारच नाही. कुणी छातीठोक सांगितलं तरी नाही. मग सासूबाईंचं पाळणं कितपत आहे यावर ठरवा. डोळ्यासमोर तुकडा नसला की झालं, एवढंच असेल तर तळलेलं टाळून परतलेलं घ्या: व्हेज हक्का, मशरूम किंवा बेबी कॉर्न ग्रेव्हीत न तळता. आणि व्हेजची ऑर्डर सगळ्यात आधी द्या, कढई धुऊन पहिली पाळी त्यांची. पण त्या कडक पाळणाऱ्या असतील, कांदा-लसूणही नको असेल, तर त्यांना इथं आणणं म्हणजे त्यांची अडचण करणं. शहरात फक्त शाकाहारी हॉटेलं भरपूर आहेत आणि त्यातल्या बऱ्याच ठिकाणी चायनीजची वेगळी भट्टी असते. महिन्यातून एक रविवार तिकडं काढा.

दीर म्हणतात त्या अजिनोमोटोचं. हे मोनोसोडियम ग्लुटामेट. १९०८ मध्ये जपानमध्ये किकुनाए इकेदा यांनी समुद्री शेवाळाच्या स्टॉकमधली चव वेगळी काढली, त्यातून ते आलं. अजिनोमोटो हे कंपनीचं नाव. ग्लुटामेट पिकलेल्या टोमॅटोत, मशरूममध्येही नैसर्गिकच असतं. भीती आली १९६८ च्या एका पत्रातून. अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात एका डॉक्टरांनी लिहिलं की चिनी जेवणानंतर मानेत बधिरपणा, धडधड असं जाणवतं. कारण म्हणून त्यांनी बऱ्याच शक्यता मांडल्या होत्या, लोकांनी त्यातली एक धरून ठेवली. नंतरच्या चाचण्यांत नेहमीच्या जेवणातल्या प्रमाणाला असा परिणाम सातत्यानं दिसला नाही. उपाशीपोटी तीन ग्रॅम किंवा त्याहून जास्त घेतलं तर काही संवेदनशील लोकांना थोडा वेळ डोकेदुखी वगैरे होऊ शकते, असं अमेरिकेचं अन्न खातं सांगतं. एका वाढणीत ते साधारण अर्ध्या ग्रॅमपेक्षा कमी असतं, हेही तेच सांगतं. आपल्याकडं वर्षाच्या आतल्या बाळांच्या अन्नात ते घालायला मनाई आहे. मी वापरतो, चिमटीनं. कुणी नको म्हटलं तर राईस-नूडल्समध्ये घालत नाही, पण चटणीत आणि स्टॉकमध्ये आधीच पडलेलं असेल तर ते काढता येत नाही, हेही सांगतो.

चायनीज खाऊन रात्री घसा कोरडा पडतो त्याचं खापर मात्र अजिनोवर फोडू नका. मिठात सोडियम साधारण ३९ टक्के, अजिनोमोटोत १२ टक्के. तहान लावतो तो सोया सॉस, त्यावर मीठ, त्यावर चटणीतलं मीठ, त्यावर केचप. घरात कुणाला बीपी असेल तर "मीठ घालू नका, सोयात भागवा" असं सांगा. आम्हाला त्याचा राग येत नाही.

माझ्या मते दिरांनी घाबरायचंच असेल तर दोन गोष्टींना घाबरावं: रंगाला आणि भाताला.

रंगाचं आधी. कागल ओलांडलं की पुढं कर्नाटक. तिथल्या सरकारनं मार्च २०२४ मध्ये गोबी मंचुरियनमध्ये कृत्रिम रंग घालायला बंदी केली, नमुन्यांत टार्ट्राझिन, सनसेट यलोसारखे रंग सापडल्यावर. आपल्याकडंही कित्येक गाड्यांवर लॉलीपॉप असा पेटलेला लाल असतो की अंधारात दिसावा. ब्याडगी मिरचीनं असा रंग येत नाही. ओळखायची खूण कोल्हापूरकराला वेगळी शिकवायला नको. मिरचीचा रंग तेलात उतरतो, म्हणून आपल्या कटावर लाल तवंग येतो आणि खालचा रस्सा त्यामानानं फिका असतो. पाकिटातला रंग पाण्यात विरघळतो. ग्रेव्हीतला कोबी आतपर्यंत गुलाबी झालाय, लॉलीपॉप धरलेली बोटं धुतली तरी नारिंगी राहतात, कागदी रुमालावर डाग पसरत जातो, असं असलं तर मिरची नव्हे, डबीतला रंग. "बिनरंगाचं द्या" म्हणायला लाजू नका. मात्र चिकन आधीच मसाला लावून ठेवलेलं असतं, त्यामुळं त्या रात्री नाही म्हणतील. दोन-चार गिऱ्हाईकांनी लागोपाठ विचारलं की हॉटेलमालक आपली पद्धत बदलतो. माझ्याकडं रंग बंद झाला तो असाच, सुरुवातीला लोक "फिका दिसतोय" म्हणून तोंड वाकडं करायचे, आता विचारत नाहीत.

भाताचा धोका कुणी बोलत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो. फ्राईड राईसला ताजा वाफाळता भात चालत नाही, चिकटतो. भात शिजवून, मोकळा करून, गार करून ठेवावाच लागतो. थंड झाल्यावर दाण्यातलं स्टार्च घट्ट होतं आणि दाणा सुटा राहतो. (घरी करून बघणार असाल तर आजऱ्याच्या घनसाळचा करू नका, वास सुंदर पण दाणा मऊ. लांब दाण्याचा घ्या.) प्रश्न गार कसा करतात हा आहे. भातात बॅसिलस सेरियस नावाचे जिवाणू असतात, त्यांचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. भात तासन्‌तास उबदार जागी राहिला की ते वाढतात आणि एक विष तयार करतात. ते विष नंतर कितीही मोठ्या जाळावर परतलं तरी जात नाही. १९७०च्या दशकात ब्रिटनमध्ये चिनी हॉटेलांतल्या फ्राईड राईसमुळं उलट्या झाल्याची बरीच प्रकरणं निघाली, त्यावरून हे कळलं. चांगल्या ठिकाणी भात ट्रेमध्ये पातळ पसरून लवकर गार करतात आणि फ्रीजमध्ये ठेवतात, लागेल तसा काढतात. वाईट ठिकाणी दुपारी शिजवलेल्या भाताचा मोठा टब रात्री अकरापर्यंत भट्टीशेजारी उघडा असतो. एप्रिलच्या उकाड्यात तर तो टब दिसला की मी राईस सोडून नूडल्स मागवतो. नूडल्सही उकडून ठेवलेलेच असतात, पण ते तेल लावून ठेवतात आणि माझ्या पाहण्यात लवकर संपतात. तेही कधीपासून बाहेर आहेत ते दिसत असेल तर बघाच.

मग हॉटेल बदलायचं की नाही? आत शिरताना एक मिनिट भट्टीपाशी रेंगाळा. गल्लीतल्या चायनीजचा हाच फायदा, भट्टी दारातच असते. भाताचा टब बघा. तळणाचं तेल बघा: चहासारखं काळपट, वर फेस धरलेलं असेल तर मंचुरियनचे गोळे कडवट लागणार. कूकचा झारा ज्या पाण्यात बुडवून ठेवलाय ते पाणी बघा. मला तर कूकपेक्षा त्या पाण्यावरून जास्त कळतं. भट्टीला नळ आहे की बादलीतल्या त्याच पाण्यानं कढई धुतात, तेही कळेल. भिंतीवर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न परवान्याचा, १४ अंकी नंबर लावलेला असावा. तो असला म्हणून स्वयंपाकघर स्वच्छ असं नव्हे, पण लावायचेही कष्ट न घेणारा बाकीचे कष्ट घेत असेल का, हे तुम्हीच ठरवा.

आणि वार बघा. बुधवार, शुक्रवार, रविवार चिकन जोरात खपतं, म्हणजे ताजं येतं आणि त्या रात्रीच संपतं. सोमवारी, गुरुवारी, संकष्टीला आणि अख्खा श्रावण चिकन पडून राहायची शक्यता जास्त. त्या दिवसांत छोट्या हॉटेलात गेलात तर व्हेजच खा, तेच तेव्हा जास्त खपत असतं. तुम्ही रविवारी जाता ते चिकनच्या दृष्टीनं बरोबरच आहे. फक्त साडेआठच्या ऐवजी साडेसातला जा. कढई, तेल आणि कूकचं डोकं, तिन्ही तेव्हा ताजं असतं.

तुमच्या सात जणांसाठी मी असं मागवलं असतं. पहिल्यांदा दोन मंचाव वन बाय टू, म्हणजे चौघांचं झालं. एक व्हेज स्वीट कॉर्न वन बाय टू, सासूबाई आणि मुलगा. सोबत एक लॉलीपॉप ड्राय, सॉस बाजूला, आणि एक शाकाहारी स्टार्टर. सातव्या माणसाला सूप हवं असेल तर तो कुणाच्या तरी वाटीतलं घेतोच. हे संपत आलं की मेन: दोन व्हेज हक्का एकदम, त्या सगळे खाऊ शकतात, तिखट न घालता. एक चिकन फ्राईड राईस, साधा. एक हॉट गार्लिक चिकन ग्रेव्ही, हे आपलं लाल. मालकांचं चिली चिकन ड्राय. सासूबाईंसाठी मशरूमची पांढऱ्या घराण्यातली ग्रेव्ही. तीन फुल राईस-नूडल्सनं सुरुवात करा; सूप आणि स्टार्टरनंतर सात जणांत, त्यात एक लहान, बहुतेक पुरतं. नाही पुरलं तर चौथी प्लेट पाच मिनिटांत येते, कारण साडेसातला गेलात तर भट्टीवर गर्दी नसते. ट्रिपल मागवू नका. राईस, नूडल्स, ग्रेव्ही तिन्ही एकत्र म्हणजे स्वस्त वाटतं, पण त्यात तिन्ही लालच असतात आणि चव पुन्हा एकच होते. कॉलेजची चार पोरं एका ट्रिपलवर भागवतात, त्यांच्यासाठी तो उत्तम.

बिलाचं एवढंच: अशा हॉटेलला जीएसटी ५ टक्के, आणि हॉटेलमालक कंपोझिशन योजनेत (छोट्या धंद्यांसाठीची जीएसटीची सोपी योजना) असेल तर तो तुमच्याकडून वेगळा जीएसटी घेऊच शकत नाही. सर्व्हिस चार्ज ऐच्छिक आहे, नको म्हणता येतो. त्यापेक्षा कूकला काही द्यायचं असेल तर भट्टीपाशी जाऊन थेट त्याच्या हातात द्या. बरेच कूक नेपाळचे किंवा ईशान्येकडचे, घर सोडून आलेले, आणि टेबलावरची टीप त्यांच्यापर्यंत पोचतेच असं नाही. पुढच्या रविवारी तुमच्या टेबलाची ऑर्डर जरा लवकर आली तर मला नवल वाटणार नाही.

उरलंच तर पार्सल घ्या, पण कोरडं आणि ग्रेव्ही वेगवेगळं बांधायला सांगा. तळलेल्याचा डबा झाकण थोडं उघडं ठेवून न्या, बंद ठेवला की आतल्या वाफेनं कुरकुरीतपणा जातो. घरी पोचल्यावर राईस ओट्यावर सकाळपर्यंत ठेवू नका, लगेच फ्रीजमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी एकदाच चांगला गरम करून संपवा. ग्रेव्ही गार झाल्यावर खळीसारखी घट्ट होते, तिला घाबरू नका. कढईत चार चमचे पाणी घालून मोठ्या आचेवर हलवली की सैल होते. मंचाव मात्र पार्सल आणू नका. वरचे तळलेले नूडल्स वेगळे बांधून दिले तरी सूप घरी येईपर्यंत भट्टीवरची वाफ गेलेली असते, आणि कोमट मंचाव कुणी पीत नाही.